तिसरा पाद

परळच्या आचार्य दोंदे मार्गावर आणि त्याच्या आसपास जितकी रुग्णालये दाटीने उभी आहेत, तितकी देशातल्या फार थोड्या वस्त्यांच्या वाट्याला आली असतील. प्लेगच्या लशीसाठी १८९९ साली जुन्या गव्हर्न्मेंट हाउसात आलेली आणि पुढे हाफकिनच्या नावाने ओळखली गेलेली प्रयोगशाळा, १९२६ चे केईएम, त्याच सुमारास उभी राहिलेली वाडियांची दोन रुग्णालये, १९४१ चे टाटा, गिरणी कामगारांसाठी विमा योजनेतून आलेले महात्मा गांधी रुग्णालय, हे सगळे एका दमात चालून होईल एवढ्या अंतरात आहे. आणि याच शहरात महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने २०२१ साली केलेल्या पाहणीत सुमारे १८ टक्के प्रौढांची उपाशीपोटीची साखर मधुमेहाच्या रेषेपलीकडे निघाली. औषध नाही म्हणून हे झाले, असे म्हणण्याची सोय नाही. टाइप दोन मधुमेहाची पहिली गोळी, मेटफॉर्मिन, स्वस्त आहे आणि पालिकेच्या दवाखान्यांत फुकट मिळते. वानवा आहे ती माणसाची: गोळी घेणाऱ्याशी दर महिन्याला चार शब्द बोलणारा, त्याचे तळपाय उलटून पाहणारा, इन्सुलिनची सुई कुठे आणि कशी टोचायची हे शेजारी बसून शिकवणारा, आणि ‘आता कंटाळा आला या सगळ्याचा’ हे वाक्य उपदेश न करता ऐकून घेणारा माणूस. हा माणूस मुंबईला अनोळखी नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत या शहराने त्याला पुन्हा पुन्हा शोधून काढले, कामाला लावले आणि भीती सरताच विसरून टाकले. हा लेख त्या विस्मरणाविषयी आहे.

चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगितले: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. यातला तिसरा पाद, परिचारक, हा वैद्याचा हरकाम्या नव्हे. त्याला सेवेचे ज्ञान हवे, तो दक्ष हवा, शुचिर्भूत हवा आणि रोग्याविषयी त्याला ममत्व हवे, अशी त्याच्या गुणांची स्वतंत्र यादी तिथे आहे. ममत्व ही पात्रतेची अट म्हणून लिहून ठेवणारा समाज पुढे तीच अट ‘घरच्या बायकांचे काम’ म्हणून सोडून देतो, हा आपल्या वैद्यकीय इतिहासातला एक अनुत्तरित प्रश्न आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेह ज्यांत मोडतो त्या विकारांच्या, चिकित्सेत तर याहून विलक्षण गोष्ट आढळते. तिथे धनवान रोग्याला एक आचार सांगितला आहे आणि निर्धन, आप्त नसलेल्या रोग्याला दुसरा: त्याने पायांत वहाणा आणि डोक्यावर छत्र न घेता, भिक्षेवर राहून, एका गावी एकच रात्र थांबत शंभर योजने चालावे. श्रीमंताने सावा-देवभातासारख्या रानधान्यावर राहावे. आजच्या मापाने यातला बराचसा भाग व्यायाम आणि आहार एवढाच आहे, आणि अनवाणी चालण्याचा सल्ला तर आज कोणी देऊ नये. तरी उपचार लिहिण्याआधी त्या ग्रंथकाराने रोग्याच्या गाठीला काय आहे आणि त्याच्या पाठीशी कोण आहे हे विचारले होते. आजच्या केसपेपरवर नाव, वय, पत्ता असतो. घरी स्वयंपाक कोण करते आणि रात्री पाय कोण पाहते, याला रकाना नसतो.

आधुनिक मुंबईत हा तिसरा पाद पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो प्लेगात, आणि तोही आधी त्याच्या विकृत रूपात. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला. पुढच्या काही आठवड्यांत पालिकेने सक्तीने रोगी हलवण्याचा अधिकार वापरायला सुरुवात केली, आणि ऑक्टोबर संपण्याच्या आत गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर चालून गेला. १८९७ चा साथरोग कायदा आला, घरझडत्या वाढल्या, मार्च १८९८ मध्ये शहरात दंगल उसळली. लोकांनी रोगी लपवले. ज्या रोगावर तेव्हा खात्रीचे औषध नव्हते, त्या रोगाच्या बाबतीत लोकांचा विरोध औषधाला असण्याचे कारणच नव्हते. तो होता दारात आलेल्या अनोळखी, हुकमी माणसाला, आणि माणसाला एकटे नेऊन एकटे मरू देणाऱ्या व्यवस्थेला. पुढे निरनिराळ्या जातीजमातींनी आपापली प्लेग रुग्णालये उघडली, घरचे माणूस खाटेजवळ बसू लागले, ताटातले अन्न ओळखीच्या हातचे येऊ लागले, तेव्हा तोच रोगी त्याच रोगासाठी रुग्णालयात जायला तयार झाला. त्याच काळात पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेल्या. हाफकिनच्या लशीचे स्मारक आपण परळला राखले आहे. खाटेजवळ बसलेल्या माणसांचे नाही.

प्लेगातला हा धडा मधुमेहाला लागू करताना कोणाला तो ओढूनताणून आणल्यासारखा वाटेल. पण रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात ‘गोड खाल्लंत ना?’ या एका प्रश्नाने होणारी उलटतपासणी आठवून पाहावी. तिच्या धाकाने तपासणीच्या आधी चार दिवस भात सोडणारा, इन्सुलिन सुरू झाल्याचे सोयरिकीच्या भीतीने लपवणारा, गोळ्या संपल्या तरी ‘चालू आहेत’ असे सांगणारा रुग्ण आणि प्लेगाचा रोगी झडतीवाल्यांपासून लपवणारे बिऱ्हाड यांत सव्वाशे वर्षांचे अंतर आहे, स्वभावाचे नाही. धाकाने चौकशी केली की खरे उत्तर मिळत नाही, हे तेव्हाही खरे होते.

परिचर्या हा शिकून करायचा व्यवसाय म्हणून रुजायला इथे विलक्षण त्रास पडला. परिचर्येच्या इतिहासात १८९१ साली प्रशिक्षणासाठी आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव पहिली भारतीय परिचारिका म्हणून सांगितले जाते. परक्या पुरुषाच्या, परक्या जातीच्या देहाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, हे घरंदाज समजल्या जाणाऱ्या कुटुंबांना मानवणारे नव्हते. १९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले, पुढच्याच वर्षी रमाबाई रानड्यांनी पुण्यात त्याच नावाची संस्था उभी केली आणि ससून रुग्णालयात परिचारिका होण्यासाठी विधवांना, परित्यक्तांना धाडण्याचे धैर्य दाखवले. त्या काळच्या टीकेचा सूर पाहिला तर रमाबाईंनी जणू काही त्या मुलींना घराबाहेर काढून वाऱ्यावर सोडले होते. त्याच पिढीत, १९११ साली, नारायण मल्हार जोशींनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि गिरणगावातल्या चाळींत वाचनालये, रात्रशाळा, औषधोपचार घेऊन सुशिक्षित तरुण जाऊ लागले. १९२६ साली केईएम आणि गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय उघडले तेव्हा देणगीदारांची अट होती की शिकवणारे डॉक्टर भारतीयच असावेत, सरकारी नोकर नसावेत. ती अट स्वाभिमानाची होती आणि तिला फळही आले. परिचारिकांच्या दर्जाविषयी अशी अट घालणारा देणगीदार मात्र कोणी निघाला नाही. वैद्याचा पाद आपण राष्ट्रीय अस्मितेचा विषय केला, परिचारकाचा केला नाही.

इकडे केईएमच्या भिंती चढत होत्या तेव्हा जगात मधुमेहाचे रूप पालटत होते. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत एका चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले आणि मरणाची शिक्षा जन्मभराच्या हिशेबात बदलली. बोस्टनच्या इलियट जॉस्लिन यांच्या ध्यानात एक गोष्ट फार लवकर आली: औषध हाती आले म्हणजे काम संपले नाही, ते आता कुठे सुरू झाले. कारण इथे रोज औषध देणारा हात डॉक्टरचा नसून रोग्याचा स्वतःचा असतो, आणि तो हात शिकवावा लागतो. त्यांनी परिचारिका तयार केल्या, त्यांना रोग्यांच्या घरी पाठवले, वजन, लघवीची परीक्षा, सुई, स्वयंपाक आणि धीर या पाचही गोष्टी त्यांच्यावर सोपवल्या. इंग्लंडमध्ये लेस्टरला डॉ. जोन वॉकर यांनी १९५० च्या सुमारास घरोघर जाणाऱ्या आरोग्य-सेविकांना मधुमेहाच्या खास कामाला लावले. म्हणजे ‘मधुमेह परिचारिका’ ही कल्पना आज अंगणात उतरलेले परदेशी फॅड नव्हे. ती इन्सुलिनच्याच वयाची आहे. आपण इन्सुलिन आणले, ती मागेच राहिली.

ती मागे राहावी असा कोणाचा बेत नव्हता, हेही सांगितले पाहिजे. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात देशात ४३,००० माणसांमागे एक परिचारिका असल्याची नोंद आहे आणि हे प्रमाण एका पिढीत पालटून टाकण्याची आकांक्षाही आहे. त्याच वर्षी भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात देशातला पहिला वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी नागपाड्याच्या वस्तीत काम करताना १९३६ साली काढलेल्या समाजकार्याच्या शाळेचे, म्हणजे आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे, ते फळ होते. रोग्याच्या घरची स्थिती, कमाई, भांडणे, व्यसन, एकटेपण हे उपचाराचेच भाग आहेत आणि त्यांची चौकशी करणाऱ्याला रुग्णालयाने पगार दिला पाहिजे, हे १९४६ साली मुंबईने मान्य केले होते. आज त्या समाजसेवकाच्या टेबलासमोर रांग असते ती बहुतेक वेळा बिल माफ करून घेणाऱ्यांची आणि योजनांच्या कागदांवर शिक्का मागणाऱ्यांची. ते कामही लागते. पण ज्या कामासाठी ती खुर्ची ठेवली होती ते काम तिथून केव्हाच उठून गेले.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या तीन दशकांत गिरणगावाला एक व्यवस्था लाभली होती, जिचे मोल ती गेल्यावर कळले. १९४८ च्या कायद्याने आलेल्या राज्य कामगार विम्यामुळे गिरणीतल्या माणसाला ठरलेला डॉक्टर होता, आजारपणाची रजा होती, परळचे रुग्णालय होते. १९५५ साली डॉ. श्री. शं. आजगावकरांनी मुंबईत डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन केली आणि पुढे माहीमचे रहेजा रुग्णालय या रोगाच्या उपचाराचे केंद्र म्हणून उभे राहिले. मधुमेही माणसाला शिकवावे लागते हा विचार त्या संस्थेच्या पायात होता. आणि या दोन्हींच्या खाली, कोणत्याही अहवालात न येणारी, खाणावळ होती. कोकणातून, घाटावरून एकटा आलेला कामगार जेवत असे तो दुसऱ्या कुणा कामगाराच्या बायकोच्या हातचे, महिन्याच्या हिशेबावर. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी याच बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात बांधले. त्यांचा उद्देश कर्ज आणि सावकारी यांतून सुटका हा होता, आरोग्य नव्हे. तरी ज्या शहरात हजारो पुरुषांच्या पोटात काय जाते ते काही हजार बायका ठरवतात, तिथे आहाराचा सल्ला कोणाला द्यायला हवा होता हे त्या चळवळीने दाखवून दिले होते. आपण तो आजही पुरुष रुग्णाच्या हातात छापील कागद देऊन देतो.

इथे थोडे थांबले पाहिजे, कारण मधुमेहाचे खरे राजकारण स्वयंपाकघरातच चालते. घरच्या पुरुषाला साखर निघाली की घरभर चहा बिनसाखरेचा होतो, भाकरी येते, भाताचा डबा मागे सरकतो. बाईला निघाली तर तिचे जेवण वेगळे होत नाही. ती सगळ्यांच्या मागून उरलेले खाते, सोमवार, चतुर्थी, एकादशी धरते, उपासाला साबुदाण्याची खिचडी खाते आणि संध्याकाळी चक्कर आली की ‘पित्त झालं’ म्हणते. तिच्यासाठी स्वतःच्या पथ्याचा स्वयंपाक म्हणजे घराचा वेळ आणि गॅस स्वतःवर खर्च करणे, आणि ती सवय तिला कोणी लावलेली नाही. ही गोष्ट तपासणीच्या कोणत्याही आकड्यात उमटत नाही. ती बाहेर येते ती दुपारी, पुरुष घरात नसताना, दुसऱ्या बाईपाशी. म्हणून घरी येणारी परिचारिका ही सोय नव्हे, तो निदानाचा भाग आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या याच दशकांत दोन संसर्गजन्य रोगांनी भारताला असे काही शिकवले की जे जगाने आपल्याकडून घेतले. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या मद्रासच्या अभ्यासाने सिद्ध केले की क्षयाचा रोगी दाटीच्या, गरीब घरात राहून औषध घेऊनही सॅनेटोरियममधल्या रोग्याइतकाच बरा होतो. शिवडीसारख्या मोठ्या क्षय रुग्णालयांच्या खाटांवर भिस्त ठेवणाऱ्या साऱ्या धोरणाला त्याने हादरा दिला. पण मद्रासच्या त्या यशामागे घरी येऊन गोळ्या मोजणारे, विचारपूस करणारे आरोग्य-कर्मचारी होते, हा अर्धा भाग राष्ट्रीय कार्यक्रमाने सोयीस्करपणे सोडला, गोळ्या घरी दिल्या आणि माणूस दिला नाही. उपचार मध्येच सोडणाऱ्यांची संख्या फुगली, तेव्हा १९९७ पासून प्रत्यक्ष देखरेखीखाली औषध देण्याची पद्धत नव्याने आणावी लागली. आज क्षयरोग्याला पोषणासाठी दरमहा सरकारी पैसे मिळतात. एका पिढीने विसरलेले पुढच्या पिढीला किती महाग पडते, याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा नाही.

दुसरा धडा कुष्ठरोगाचा, आणि तो तर थेट मधुमेह्याच्या पायाशी येतो. वडाळ्याचे ॲकवर्थ रुग्णालय १८९० साली निघाले ते भिकारी कुष्ठरोग्यांना रस्त्यावरून हलवण्यासाठी. पुढे वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की कुष्ठरोग्याची बोटे रोगाने झडत नाहीत. संवेदना गेलेल्या पायाला खिळा, खडा, चटका कळत नाही, जखम चिघळते आणि पाय जातो. त्यातून मऊ रबराच्या तळाची एमसीआर चप्पल आली, रोज संध्याकाळी आपला तळपाय आपण तपासण्याची शिस्त आली, आणि ती शिकवणारे वस्तीत फिरणारे कार्यकर्ते आले. मधुमेहात पायाची संवेदना अशीच जाते आणि पाय असाच जातो. आता सोमवारच्या रात्री प्रभादेवीच्या देवळाकडे अनवाणी चालत निघालेल्या माणसांची ओळ पाहावी, किंवा लालबागला गणपतीत नवसाच्या रांगेत तासन्‌तास उभी असलेली माणसे. १८ टक्क्यांच्या हिशेबाने त्यांत मधुमेही किती असतील आणि त्यांतल्या कितींना आपले तळवे बधिर झाल्याचे ठाऊक असेल? श्रद्धेवर बोट ठेवण्याचे इथे कारण नाही. मंडळे सरबत, पाणी, प्रथमोपचार सगळे देतात. पाय पाहणारी एक परिचारिका त्या मांडवात बसवणे त्यांना अवघड नाही. कुष्ठरोग्याच्या पायाची जी काळजी हे शहर घृणेवर मात करून शिकले, ती तो रोग मागे पडताच अडगळीत गेली, आणि बोटे कापण्याच्या शस्त्रक्रिया मात्र चालू राहिल्या.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपाने गिरणगावाची कमाई गेली याची चर्चा पुष्कळ झाली. त्याबरोबर अडीच लाखांच्या आसपास कामगारांच्या घरांतून विम्याचा डॉक्टर, रजा आणि रोजची पायपीटही गेली, याची फारशी झाली नाही. यंत्रापाशी आठ तास उभा राहणारा माणूस बेकार होऊन बाकावर बसला, त्याचा मुलगा सुरक्षा रक्षक होऊन बारा तासांच्या पाळीत वडापाव-चहावर राहू लागला. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून केलेल्या अभ्यासाने आपल्याकडच्या मुलांच्या देहाचे जुने कर्जही दाखवले: सरासरी पावणेतीन किलोंच्या आतबाहेर जन्मणारे आपले बाळ बारीक दिसते, पण इंग्रज बाळाच्या तुलनेत त्याच्या अंगात चरबीचे प्रमाण जास्त असते. आजीच्या, आईच्या अर्धपोटी आयुष्याची नोंद नातवाच्या रक्तातल्या साखरेत होते. अशा रोगाला ‘जिभेवर ताबा नाही’ एवढे निदान पुरत नाही. आणि ज्या चाळीत सामाईक संडास सज्ज्याच्या टोकाला आहे, तिथे रात्री पाच वेळा उठावे लागणारी मधुमेही म्हातारी पाणी पिणेच कमी करते. तीच पुनर्विकासाच्या इमारतीत अठराव्या मजल्यावर गेली की संडास घरात येतो आणि सज्जा जातो. सज्जा म्हणजे ‘आज दिसली नाहीस गं’ असे विचारणारी शेजारीण. परिचर्येचा तो बिनपगारी, बिननावाचा भाग पाडकामाच्या कोणत्याही करारात धरलेला नसतो.

मग आला एचआयव्ही. या रोगाने मुंबईला जे करायला लावले ते तिने आधी किंवा नंतर कोणत्याही जुनाट रोगासाठी केले नाही. १९९८ साली मुंबईसाठी स्वतंत्र एड्स नियंत्रण संस्था आली, १ एप्रिल २००४ पासून देशातल्या ज्या मोजक्या केंद्रांत मोफत औषधे सुरू झाली त्यांत जे. जे. होते, आणि औषधाआधी समुपदेशन, औषधाबरोबर समुपदेशन, औषध चुकले तर पुन्हा समुपदेशन, हे नियमात बसले. समुपदेशकाला खोली मिळाली, दार लावता येईल अशी. स्वतः त्याच आजारातून जाणारी माणसे नव्या रोग्यांना हात देऊ लागली. जन्मभर रोज घ्यायची गोळी माणूस का सोडतो, केव्हा सोडतो, घरात सांगावे की नाही, नैराश्य कसे ओळखावे, या सगळ्याचे व्यावहारिक ज्ञान या शहरात त्या खोल्यांमध्ये साठले. मधुमेहही जन्मभर रोज घ्यायच्या गोळीचाच रोग आहे. पण ते ज्ञान एका ओपीडीतून दुसऱ्या ओपीडीत, एकाच रुग्णालयाच्या आवारात, कधी चालत आले नाही.

असे का व्हावे? प्लेग, क्षय, कुष्ठ, एचआयव्ही आणि अगदी अलीकडे २०२० चा कोविड, या सगळ्यांच्या वेळी रोग्याच्या दारात माणूस पाठवण्याचे पैसे शहराला सापडले, कारण तो रोगी शेजाऱ्याला घातक होता. वरळी कोळीवाड्यात, धारावीत पालिकेच्या आरोग्य सेविका दारोदार ताप आणि प्राणवायू मोजत फिरल्या, आणि त्याच फेऱ्यांत मधुमेहाची नोंदही झाली, कारण मधुमेही माणूस कोविडने लवकर दगावत होता. साथ ओसरली आणि ही नोंदही मागे पडली. मधुमेही फक्त स्वतःचे डोळे, मूत्रपिंड, पाय गमावतो. तो कोणाला लागण करत नाही, म्हणून तो कोणाला घाबरवत नाही. आणि आपल्या सार्वजनिक आरोग्याने सोबतीचा माणूस दयेपोटी फारसा कधी दिलेला नाही, भीतीपोटी दिला आहे. जो रोगी भीतीदायक नाही त्याच्या वाट्याला उपदेश येतो.

हा उपदेश किती तोकडा आहे याचा पुरावा आता हाताशी आहे. मधुमेह असलेल्यांत नैराश्य इतरांच्या सुमारे दुप्पट आढळते, हे या शतकाच्या आरंभीच स्पष्ट झाले. नैराश्याहून वेगळा, रोजच्या मोजमापाचा आणि पथ्याचा जो शीण असतो तो मोजण्याची प्रश्नावली १९९५ पासून उपलब्ध आहे. दिल्ली, चेन्नई, बंगळूर आणि विशाखापट्टणमच्या चार चिकित्सालयांत ४०४ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षित अशा काळजी-समन्वयकाने रुग्णाचे मन आणि साखर दोन्हींचा पाठपुरावा केला. दोन वर्षांनी मन आणि शरीर दोन्ही आघाड्यांवर सुधारलेल्यांचे प्रमाण त्या गटात ७१.६ टक्के होते, नेहमीच्या उपचारात ५७.४. यात नवे औषध काही नव्हते. समन्वयक बारा महिन्यांनी थांबला तरी फरक टिकला. परदेशी अभ्यास म्हणून हे बाजूला सारता येणार नाही, आणि मुंबईत गर्दी जास्त म्हणून तर मुळीच नाही, कारण गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरची तीन मिनिटेच मिळत असतील तर उरलेले बोलणे दुसऱ्या कोणीतरी करणे अधिकच गरजेचे ठरते.

२०१० च्या राष्ट्रीय कार्यक्रमाने असंसर्गजन्य रोगांच्या चिकित्सालयात समुपदेशकाची जागा कागदावर धरली आहे. २०२२ पासून ‘आपला दवाखाना’ वस्त्यांत उघडले. आरोग्य सेविका तर १९८८ च्या लोकसंख्या प्रकल्पापासून शहराच्या गल्लीबोळांत आहेत, त्यांना कोणाच्या घरी कोण आजारी आहे हे कोणत्याही संगणकाहून चांगले ठाऊक असते, आणि तरी त्यांना पगार नव्हे मानधन मिळते, कर्मचारी नव्हे स्वयंसेविका म्हटले जाते. ज्या स्त्रीच्या स्वतःच्या निवृत्तीवेतनाचा प्रश्न साडेतीन दशकांहून अधिक काळात सुटला नाही, तिने दुसऱ्याला जन्मभराची शिस्त शिकवावी ही अपेक्षा अन्यायाची आहे.

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात हे करून दाखवण्यासाठी नवी इमारत लागत नाही. प्रत्येक दवाखान्यात मधुमेहासाठी प्रशिक्षित अशी एक कायम परिचारिका, तिला औषधाचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेत बदलण्याचा अधिकार, दार लावता येईल अशी खोली, महिन्यातून एकदा रुग्णांची आणि त्यांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्यांची एकत्र बैठक, वर्षातून दोनदा प्रत्येकाचे तळपाय तपासल्याची नोंद, आणि घरी जाणाऱ्या आरोग्य सेविकेला नियमित वेतन. यांतले बरेच काही या शहराने पूर्वी कोणत्या ना कोणत्या रोगासाठी केलेले आहे. महापालिकेने पुढच्या अर्थसंकल्पात रुग्णालयांच्या बांधकामाची रक्कम जाहीर करण्याआधी या पदांची संख्या जाहीर करावी, आणि या भागातले नगरसेवक मते मागायला आल्यावर नागरिकांनी त्यांना तीच संख्या विचारावी.